झरीवाडा माझ्यावर बसतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. जाड सुताची, देवळाच्या मंडपात अंथरतात तशी. राजकारणात ‘सतरंज्या उचलणारा’ म्हणजे बिनमहत्त्वाचा माणूस, असं मोठी माणसं बोलतात. माझ्या वाड्यात, म्हणजे गोव्यातल्या आमच्या छोट्या वस्तीत, मात्र मला अंथरल्याशिवाय पंचायतीचा उमेदवारच ठरत नसे. ही पद्धत चांगली होती. मधल्या काळात ती मोडली आणि यंदा पुन्हा उभी राहिली. हे सगळं मी खालून पाहिलं आहे. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या एका खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागावर झाला. मी फार रुंद, म्हणून विणकर नवरा-बायको शेजारी शेजारी बसून मला विणत. एकाचा धागा तुटला की दुसऱ्याला हात थांबवावा लागे. त्यामुळे त्यांची भांडणंही माझ्यासमोरच होत आणि समेटही. त्यांनी मला तीन रुंद पट्टे दिले. एका अंगाला तांबडा, दुसऱ्या अंगाला निळा आणि मध्ये पांढरा. तांबडा रंग थोडा फुटला होता, म्हणून व्यापाऱ्याने नाक मुरडलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी बराच वेळ गुंडाळून पडले होते. शेवटी झरीवाड्याच्या माणसांनी मला उचललं आणि बसच्या टपावर टाकून घरी आणलं.

झरीवाडा पेडणे तालुक्यात आहे, मोरजीच्या किनाऱ्यापासून बराच आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे एक झर आहे. चैत्र-वैशाखात नळ कोरडे पडतात, पण झर वाहते. पोफळीच्या बागांना तिचंच पाणी आणि माणसांनाही तिचंच. ही झर लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत जे काही पणाला लागलं आहे ते तिच्यासाठी लागलं आहे.

मला आणलं होतं भजनासाठी. पण माझं मोठं काम वेगळंच निघालं. गोव्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. प्रत्येक प्रभागातून एक पंच निवडून जातो. उभं कोणी राहायचं, हे मात्र कुठेतरी ठरावंच लागतं. काही ठिकाणी ते पुढाऱ्याच्या घरी ठरतं. काही ठिकाणी ज्याचा खिसा जड तो आपणच आपलं नाव ठरवतो. झरीवाड्यात ते माझ्यावर ठरत असे. अर्ज भरायच्या आधी एका रविवारी मला मंडपात अंथरत. ज्यांना उभं राहायचं असेल त्यांनी एकेक पट्टा धरायचा, म्हणजे त्या रंगावर जाऊन बसायचं. ज्याला जो पटेल त्याने त्याच्या पट्ट्यावर बसायचं. ज्याचं ठरलेलं नसेल त्याने मधल्या पांढऱ्यावर. मग प्रश्न विचारायचे. ‘मागीर सांगतंय’, म्हणजे ‘नंतर सांगतो’, हे उत्तर तिथे चालत नसे. उत्तरं ऐकून माणसं उठत, दुसऱ्या पट्ट्यावर जात, कधी कधी परतही येत. अर्ध्याहून जास्त माणसं एका पट्ट्यावर बसली की नाव ठरलं. मग हरलेल्याने उठून जिंकलेल्याच्या पट्ट्यावर येऊन बसायचं. हे शेवटचं उठणं सगळ्यात कठीण. सारी पद्धत त्याच्यावरच टिकून होती.

पहिल्यांदा माझा पट्टा धरला तो गोकुळदास नावाच्या तरुण दुकानदाराने. त्या पावसाळ्यात वाड्याच्या पुलावर पाणी चढलं होतं. त्याला कुणीतरी विचारलं, “गोकुळदासा, पुलार पाणी चढला तेव्हा तू खंय होतंस?”

“माळ्यार. आणखी खंय? माका पोहूक येणा नाय.”

मंडप हसला. पण त्याने पुढे सांगितलं, की माळ्यावरून पाहिलं म्हणूनच पाणी नेमकं कुठे तुंबतं ते आपल्याला कळलं. हसणारी माणसं उठून त्याच्याकडे गेली. तो पंच झाला आणि पुलाचं तोंड रुंद झालं. मित्रांनो, पोस्टरवरच्या माणसाला असं विचारता येत नाही. माझ्यावर बसलेल्या माणसाला येतं. उत्तर देताना तो हातांनी काय चाळा करतो, तेही शेजाऱ्यांना दिसतं.

त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. शेजारच्या वाड्यांतली माणसं बघायला येत. मला उन्हात घालत, काठीने झटकत, माझ्या घड्यांत कडुलिंबाचा पाला ठेवत.

पण आमच्या पद्धतीत एक चूक होती. घरटी एक माणूस बसायचा, असा नेम होता. तो माणूस बहुतेक वेळा पुरुष असे. बायका खांबांना टेकून उभ्या राहत. आणि वाड्याच्या कडेला भाड्याच्या खोल्या झाल्या, त्यांत कोल्हापूर-बेळगावकडून गवंडीकामाला आलेली माणसं राहू लागली, त्यांची नावं मतदारयादीत आली, मुलं इथल्याच शाळेत जाऊ लागली, तरी त्यांना माझ्यावर जागा नव्हती. ती बाहेर चपलांपाशी उभी राहून ऐकत आणि कामाला निघून जात.

एका निवडणुकीत वाड्याने गोकुळदासला पुन्हा उमेदवार केलं. एकूण एक घर त्याच्या पट्ट्यावर बसलं. तरी तो पडला. हमरस्त्यावरचा एक व्यापारी निवडून आला, कारण तो खोल्यांच्या दारात गेला होता, त्या माणसांच्या चटईवर बसला होता, चहा प्याला होता. गोकुळदासला हे फार लागलं. तो पुन्हा मंडपात आला नाही, आणि काही वर्षांनी वारला. त्याची बायको पद्मावती म्हणाली, “त्या सतरंजयेर मी परत पाय ठेवचंय नाय.” वाड्यानेही दोष मलाच दिला. सतरंजीचे दिवस संपले, असं ठरलं. ज्यांना बसवलंच नव्हतं ती माणसं कुणाला आठवली नाहीत.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला देवळामागच्या खोलीत टाकलं. कुणी सिमेंटच्या पोत्यांवर मला पांघरलं. उंदरांनी निळ्या पट्ट्याचा एक कोपरा नेला. पुढच्या निवडणुकीत उमेदवार ठरवायला वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटावर बोटं दाबायची ठरली. बोटं दाबली ती मस्कतला गेलेल्यांनी आणि पुण्यात शिकणाऱ्यांनीही. कुणी कुणाला काही विचारलं नाही. कुणाची बोटं मोजायची यावर एकमत झालं नाही, म्हणून उभं राहायला निघालेल्या दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून पेढे वाटले आणि दोघंही उभे राहिले. वाड्याची मतं फुटली. तोच व्यापारी पुन्हा पंच झाला. त्याच्याच काळात झरीच्या वरचा डोंगर कापून बंगले बांधायचा आराखडा पंचायतीपुढे आला. आमचा पंच गप्प बसला. निर्णय पुढच्या पंचायतीवर गेला.

आता यंदाचं सांगते. डोंगर कापला तर झर आटणार, हे वाड्यातल्या लहान मुलालाही कळत होतं. म्हणजे नव्या पंचायतीत आमच्या प्रभागाचा पंच कोण असेल, याला फार महत्त्व होतं. आणि वाड्यातून दोघं उभे राहायला निघाले होते. एक गौरेश, गोकुळदास आणि पद्मावतीचा मुलगा. त्याच्या दोन जीपगाड्या आहेत. कुणाला कळ आली, कुणी पडलं, की वेळ न बघता तो गाडी काढतो. माणूस सोन्यासारखा. यंदा तालुक्याच्या एका पुढाऱ्याने, ज्याला तो ‘साहेब’ म्हणतो, त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि पोस्टरंही छापून दिली होती. दुसरी समीक्षा. पेडण्याच्या बाजारात तिचं शिवणाचं दुकान आहे. दर वैशाखात झरीतला गाळ काढायला ती उतरते, आणि खोल्यांतल्या बायका तिच्याबरोबर उतरतात.

समीक्षा एक दिवस देवळामागच्या खोलीत आली. मला पोत्यांवरून ओढून काढलं, झटकलं, शिंकली. मग मला उन्हात पसरून कुरतडलेल्या कोपऱ्याला ठिगळ लावत बसली. गौरेश तिकडून चालला होता. तिने त्याला हाक मारली.

“गौरेशदादा, आपण दोघांय उभी रवलांव तर तिसरो येतलो. मागल्या वेळेक तांच झाला. सतरंजी हांतरूया. मी हरलंय तर तुझ्या पट्ट्यार येऊन बसतलंय. तू बसतलंस?”

गौरेश हसला. “बसतलंय. पण मीच जिंकतलंय हां, आधीच सांगून ठेवतंय.”

“जिंक बाबा. हरलंस तर तुझो एक शर्ट फुकट शिवून दितलंय.”

रविवारी दुपारनंतर मला मंडपात अंथरलं. किती वर्षांनी माझी पाठ फरशीला लागली! पांडुरंग आजोबा, देवळाचे मानकरी, खांबापाशी उभे राहून म्हणाले, “घरटी एक माणूस. बापजाद्यांचो नेम आसा.”

“त्याच नेमान गोकुळदासकाका पडले, आजोबा,” समीक्षा म्हणाली. “मत आसा त्या सगळ्यांनी बसूचा.”

कुजबुज झाली. त्यात दाराकडून एक आवाज आला. पद्मावती आली होती. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती.

“तां खरां बोलता,” ती म्हणाली. “ह्यांका मी तेव्हाच सांगलेलंय, खोलयेतल्या माणसांका बोलवा म्हणान. ह्यांनी म्हटल्यानी, नेम नाय. नेम रवलो, माणूस गेलो.”

तिच्या मागे सिंधू उभी होती. सिंधू बेळगावकडची. नवरा दिनकर गवंडी, आणि दोघं पांडुरंग आजोबांच्याच खोलीत भाड्याने राहतात. तिने पदर खोचला आणि म्हणाली, “मत मागायला आमचं दार बरोबर सापडतंय की तुम्हाला. बसायला बोलवायच्या वेळी का सापडत नाही?”

हशा झाला. आजोबांनी शेवटचा प्रयत्न केला. “पण सतरंजी पुरची नाय गो.”

“आम्ही बसायला आलोय आजोबा, लोळायला नाही.”

आजोबांनाही हसू आवरलं नाही. माणसं आत आली. बायका खांब सोडून आल्या. मांडीला मांडी लागली. माझ्यावर एवढं वजन कधीच पडलं नव्हतं.

गौरेशने निळा पट्टा धरला, समीक्षाने तांबडा. निळा भराभर भरला. पांडुरंग आजोबा तिथे, गौरेशचा दोस्त साईश तिथे, निम्मी घरं तिथे. पद्मावतीने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या आणि मुलाच्या मागे जाऊन बसली. तांबड्यावर थोड्या बायका होत्या. खोल्यांतली बहुतेक माणसं पांढऱ्यावर. दिनकर तर अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखंच अंतर ठेवून.

साईशने समीक्षाला विचारलं, “अडीअडचणीक गाडी गौरेश काढता. तू काय काढतलंस? शिलाई मशीन?”

“गाडी तोच काढतलो,” समीक्षा म्हणाली. “तां माझ्यान होवचा नाय. पण पंच नसलो म्हणान काय गाडी काढूचो नाय? काय रे दादा?”

“काढतलंय. कित्याक नाय?” गौरेश चटकन बोलून गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण आपलाच एक मुद्दा तिला देऊन बसलो.

एका काकांनी तिला विचारलं, “पंचायतीच्या बैठका सांजच्या. दुकानाचा काय?”

“बंद ठेवतलंय. ब्लाउज उशिरा मिळतले. मागीर माका गाळी घालू नकात.”

मग सिंधू उठली. तिने गौरेशला विचारलं, “डोंगराचा कागद पंचायतीत येणार. तेव्हा तुमचा हात वर, का खाली?”

गौरेशने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो सहज ‘विरोध करतलंय’ म्हणू शकला असता. कुणी त्याचा हात धरला नव्हता.

“मी खोटां बोलाचंय नाय,” तो म्हणाला. “झर माका पण होयी. पण माका आधी साहेबांका विचारूचा लागतला.”

“म्हणजे पंच तू का साहेब?” हे पांडुरंग आजोबांनी विचारलं, निळ्या पट्ट्यावर बसूनच.

पहिला उठला तो साईश. गौरेशने वर पाहिलं. “पाय मोकळे करतंस?”

“पाय नाय, पट्टो बदलतंय. रागाव नको, गौऱ्या. दोस्ती आसा तशीच आसा.”

त्याच्यामागून आणखी काही उठले. पांढऱ्यावरचेही सरकू लागले. दिनकर मात्र जागच्या जागी होता. तो सारखा घरमालकाकडे बघत होता. मित्रांनो, उघड्यावर बसण्याला लोक जो दोष देतात तो हाच. ज्याच्या खोलीत राहायचं त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध कसं बसायचं? हा दोष खरा आहे. म्हणून तर शेवटचं मत पेटीत गुप्तपणे पडतं आणि तसंच पडलं पाहिजे. मी फक्त नाव सुचवते. पण मी हेही पाहिलं, की हा दोष उघड्यावरच दूर करता येतो.

पांडुरंग आजोबांनी दिनकरची नजर ओळखली. “दिनकरा, माझ्या तोंडाकडे काय बघतंस? तू खंय बसलंस म्हणान खोलयेचा कुलूप बदलूचंय नाय. हय सगळ्यांसमोर सांगतंय.”

दिनकर उठला आणि तांबड्यावर सिंधूच्या शेजारी जाऊन बसला. आजोबा निळ्यावरच राहिले. त्यांना गौरेशच पटत होता. त्यांनी त्याचं कारणही सांगितलं, आणि ते कुणी हसण्यावारी नेलं नाही.

पद्मावतीही हलली नाही. सगळे तिच्याकडे बघू लागले तशी ती म्हणाली, “आवय आसंय मी. हयच बसतलंय. माझ्याकडे बघान तुमी तुमचा ठरवू नकात.”

थोड्या वेळाने मोजायची गरजच उरली नाही. तांबड्यावर अर्ध्याहून कितीतरी जास्त माणसं होती. समीक्षाचं नाव ठरलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. गौरेशचं मन कुणाला ठाऊक? पोस्टरं त्याच्या जीपमध्ये होती. अर्ज लिहून तयार होता. तो उभा राहिला असता तर कायदा त्याला अडवू शकत नव्हता. मग मतं फुटली असती आणि झर गेली असती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव शेजारच्यांनी वाचलं आणि एकमेकांना कोपर मारलं.

“होय, साहेब,” गौरेश म्हणाला. “मी सतरंजयेर बसलंय... नाय, नाय, देवळात. वाड्यान समीक्षाचा नाव धरला... तुमचे उपकार आसत, पण मी उभो रवाचंय नाय... विचार करान सांगतंय. सगळ्यांसमोर सांगतंय.”

त्याने फोन खिशात ठेवला. चेहरा उतरलेला होता. हरणं गोड नसतं आणि मी तसं म्हणणारही नाही. तो उठला, माझा पांढरा पट्टा ओलांडून पलीकडे आला आणि समीक्षाला म्हणाला, “सर गो जरा. जागा कर.”

पद्मावती निळ्यावरून ओरडली, “आणि मी आता हय आजोबांवांगडा एकटी काय करू?”

“चल, आपण पण जाऊया,” आजोबा गुडघ्यावर हात टेकत उठले.

“आणि ती पोस्टरां?” साईशने विचारलं.

“उलटी करून कपाटात घालतलंय,” पद्मावती म्हणाली. “साडयांका राखण. फोटो बरो इलो हा.”

दुसऱ्या दिवशी समीक्षाला अर्ज भरायला गौरेशनेच जीपमधून नेलं. शर्टाचं माप तिने वाटेतच घेतलं म्हणतात. अर्जावर सूचक म्हणून आजोबांची सही आहे.

मतदान अजून व्हायचं आहे. समीक्षा निवडून येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि जे अजून घडलेलं नाही ते घडलं म्हणून सांगायची मला सवय नाही. पण एवढं निश्चित सांगते. यंदा झरीवाड्याचा उमेदवार एकच आहे. तो कुणी पाठवलेला नाही. त्याला शेजाऱ्यांनी समोर बसवून, विचारून, ऐकून निवडलं आहे. खोल्यांतली माणसं आता ‘तुमचो पंच’ म्हणत नाहीत, ‘आमची समीक्षा’ म्हणतात. सिंधू तर दारोदार जाऊन सांगते, की नाव आम्हीच ठरवलंय, आता पडलं तर आमचीच बेइज्जती.

लोक म्हणतील, यापेक्षा फोनवर बोट दाबणं सोपं. सोपं आहेच. पण बोट दाबणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही, आणि हरलेल्याला कुणाच्या शेजारी येऊन बसावं लागत नाही. लोक म्हणतील, यात वेळ जातो. जातो. त्या रविवारी कित्येकांच्या घरी चहा उशिरा झाला. पाच वर्षांसाठी माणूस निवडायला एक चहा उशिरा झाला तर मला तो महाग वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही वाड्यात, गल्लीत, सोसायटीत कुणीतरी तुमच्यासाठी उमेदवार ठरवून मोकळं झालेलं असेल. तेव्हा माझ्यासारखी एखादी सतरंजी शोधा. ती नसेल तर चटई चालेल. माझी काळजी घ्यायची असेल तर मला ऊन दाखवा, ठिगळ सुटलं तर पुन्हा लावा. पण जुनी आठवण म्हणून मला गुंडाळून कपाटात ठेवू नका. बसल्याने सतरंजी झिजते, हे खरं आहे. न बसल्याने ती कुजते. तुम्ही या, माझ्यावर बसा, विचारा, पटलं नाही तर उठून जागा बदला आणि पुन्हा बसा. झिजायला मी तयार आहे.